नुरा ओळखणारा डोळा

सामना आधीच ठरवून खेळण्याच्या प्रकाराला कोल्हापुरात परका शब्द शोधावा लागत नाही. क्रिकेटमुळे ‘फिक्सिंग’ हा शब्द घराघरांत पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या मैदानांत ‘नुरा’ हा शब्द होता आणि आजही तो तितक्याच तिरस्काराने उच्चारला जातो. दोन मल्लांनी आतून बोलणी करून ठेवायची, हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यात, उतरून शड्डू ठोकायचे, पकड घ्यायची आणि सोडायची, पंधरा-वीस मिनिटे नुसती खडाखडी करून कुस्ती बरोबरीत सोडवून घ्यायची आणि इनाम वाटून घ्यायचे, किंवा एकाने ठरल्याप्रमाणे पाठ टेकायची, याला नुरा कुस्ती म्हणतात. राजकारणातल्या लटक्या भांडणांसाठी हा शब्द आता महाराष्ट्रभर वापरला जातो, पण त्याचे घर तांबड्या मातीतच आहे.

लहानपणी वडिलांचे बोट धरून मी एका गावच्या जत्रेतल्या मैदानाला गेलो होतो. मोठ्या इनामाची शेवटून दुसरी जोड लागली होती. दोन्ही पैलवान देखणे होते, अंगाला माती लावून समोरासमोर उभे होते, हलगी तापली होती आणि मला तर ती कुस्ती जगातली सर्वांत मोठी लढत वाटत होती. वडील मात्र गप्प झाले. शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाने पटका सारखा केला आणि तो म्हणाला, “पट काढतुय, पर जोर लावंना.” हळूहळू तीच कुजबूज साऱ्या गर्दीतून फिरली, मग आरडाओरड झाली, हलगी थांबली आणि कमिटीच्या माणसाने माइकवरून दोघांची नावे घेऊन सांगितले, की ही कुस्ती थांबवली आहे आणि तिचे इनाम दिले जाणार नाही. मान खाली घालून हौद्याबाहेर गेलेले ते दोन तगडे गडी मला अजून आठवतात.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे, की त्या मैदानात फसवणूक पकडणारे यंत्र प्रेक्षक हेच होते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधले आणि १९१२ मध्ये ते कुस्तीला खुले झाले. मध्ये हौदा आणि भोवती चढत जाणारी गोलाकार बैठक अशी त्याची बांधणी आहे, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मल्लाची पाठ मातीला लागली की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. त्या बांधणीत प्रेक्षकाला साक्षीदाराचा मान दिलेला आहे. ज्याने स्वतः कधीतरी तालमीत अंग घुसळले आहे, निदान ज्याच्या घरातल्या कुणीतरी घुसळले आहे, अशा माणसांच्या नजरेसमोर खोटी कुस्ती खपवणे सोपे नव्हते. खपली नाही असे मी म्हणणार नाही, पण ती खपवण्यासाठी हजारो जाणकार डोळ्यांना चकवावे लागत असे.

आजच्या व्यावसायिक खेळात, विशेषतः क्रिकेटमध्ये, प्रेक्षकाच्या हातून गेली आहे ती नेमकी ही साक्षीदाराची जागा. ती गेल्यावर त्याच्या वतीने खेळावर नजर कोण ठेवतो, त्या नजर ठेवणाऱ्यावर कोणाचे लक्ष असते, आणि फसवणूक झालीच तर कायदा प्रेक्षकाला फसवला गेलेला माणूस मानतो का, हे प्रश्न मला सट्टेबाजीच्या नैतिकतेपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटतात.

एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी सामने ठरवल्याच्या प्रकरणात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे नाव घेतले तेव्हा आमच्या पेठेत कुणाचा विश्वास बसला नव्हता. पोलिसांनाच खोटे ठरवणारी माणसे मी त्या आठवड्यात पाहिली. चारच दिवसांत क्रोनिएने आपण पैसे घेतल्याचे मान्य केले आणि त्या वर्षी त्याच्यावर आजीव बंदी आली. पण त्या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा तपशील क्रोनिएचा नाही, त्याच्याच संघातल्या हर्शेल गिब्जचा आहे. मार्च २००० मध्ये नागपूरच्या एकदिवसीय सामन्यात वीसपेक्षा कमी धावा करण्यासाठी १५ हजार डॉलर देऊ, असा प्रस्ताव कर्णधाराने त्याच्यापुढे ठेवला आणि त्याने होकार दिला. प्रत्यक्ष मैदानात उतरल्यावर मात्र त्याने ७४ धावा केल्या. पाहणाऱ्याला त्या ७४ धावा ही एक चांगली खेळी वाटली, आणि तो विसाच्या आत बाद झाला असता तर तेही कुणाला खटकले नसते, कारण सलामीचा फलंदाज लवकर बाद होणे यात नवल काहीच नाही. करार पाळलेला असो वा मोडलेला, बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही चित्रे सारखीच खरी दिसतात.

दहा वर्षांनी लॉर्ड्सवर तर पूर्ण सामना ठरवण्याचीही गरज उरली नाही. ऑगस्ट २०१० मधल्या त्या कसोटीत मोहम्मद आसिफ आणि मोहम्मद आमिर या पाकिस्तानी गोलंदाजांनी मिळून तीन नो-बॉल टाकले आणि ते कधी पडणार हे एका दलालाने आधीच सांगून ठेवले होते. एका ब्रिटिश वृत्तपत्राने सापळा लावून त्याला दीड लाख पौंड दिले होते म्हणून हे उघड झाले. हा सापळा नसता तर कसोटीच्या शेकडो चेंडूंतले तीन चेंडू कुणाच्या लक्षात राहिले असते? जत्रेतल्या म्हाताऱ्याला जोर लावलेला दिसत नव्हता म्हणून नुरा कळली. पण गोलंदाजाचा पाय रेषेच्या पुढे का पडला, थकव्याने, चुकीने की पैशाने, हे जगातला कोणताही जाणकार डोळा सांगू शकत नाही. खेळाचा निकाल खरा आणि त्यातला एक तुकडा विकलेला, अशी ही चोरी आहे. सट्ट्याच्या बाजारात ‘सेशन’वर, म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावर, पैसे लागतात, त्यामुळे विकत घ्यायला अकरा माणसे लागत नाहीत, एकटा पुरतो.

लॉर्ड्सच्या प्रकरणात नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयाने कर्णधार सलमान बटला ३० महिने, आसिफला एक वर्ष आणि आमिरला सहा महिने अशी शिक्षा सुनावली. त्यांना तुरुंगात पाठवता आले याचे एक कारण म्हणजे इंग्लंडच्या २००५ च्या जुगार कायद्यात जुगारात फसवणूक करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या कलमात फसवला गेलेला माणूस पैज लावणारा आहे. दिवसभर उन्हात बसून प्रत्येक चेंडू मनापासून पाहणारा माणूस त्या कलमात कुठेच नाही.

आपल्याकडे तर तेवढेही नाही. मे २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांनी आयपीएलमधल्या राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक केली तेव्हा त्यांच्यावर मकोका लावला गेला. हा कायदा आपल्याच राज्याने १९९९ मध्ये संघटित टोळ्यांसाठी केलेला आणि पुढे दिल्लीत लागू झालेला आहे. खंडणी आणि सुपारीसाठी केलेला कायदा क्रिकेटपटूंना लावावा लागला, कारण सामना किंवा सामन्याचा भाग विकणे याला नाव देऊन शिक्षा सांगणारे कलमच देशात नव्हते. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्या सर्वांना आरोपमुक्त केले. क्रिकेट मंडळाने मात्र आपली बंदी कायम ठेवली, आणि एका खेळाडूच्या बाबतीत २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजीव बंदी रद्द करून शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले. भारताचा माजी कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन याच्यावर मंडळाने सामने ठरवल्याच्या आरोपावरून २००० मध्ये घातलेली आजीव बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बेकायदा ठरवली. खेळाडू दोषी होते की निर्दोष, याबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या माणसाबद्दल: मंडळ एक सांगते, न्यायालय दुसरे सांगते, आणि तो बारा-बारा वर्षे थांबूनही नेमके काय घडले हे त्याला कुणी सांगत नाही.

कर्नाटकातल्या प्रकरणाने हा प्रश्न सर्वांत उघडा केला, आणि तो आमच्या दारातला आहे. २०१९ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या गैरप्रकारांच्या तपासात बेळगावच्या संघाचे मालक आणि काही खेळाडू अटकेत गेले. बेळगाव कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. तिकडचे मल्ल इकडच्या मैदानांत लढतात आणि इकडचे लोक तिकडचे सामने बघायला जातात. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या प्रकरणातले फसवणुकीचे खटले रद्द केले. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा होता, की सामना ठरवून खेळल्याने खेळावर प्रेम करणाऱ्यांना आपली फसवणूक झाल्याची भावना होऊ शकते, पण या सर्वसाधारण भावनेतून गुन्हा उभा राहत नाही. प्रेक्षक तिकीट स्वतःच्या इच्छेने घेतो, त्यामुळे त्याला खोटे सांगून त्याच्याकडून काही काढून घेतले असे म्हणता येत नाही. हा बेशिस्तीचा प्रश्न आहे आणि तो क्रिकेट मंडळाने पाहावा.

कायद्याच्या अक्षराच्या दृष्टीने न्यायमूर्तींचे चुकले असे म्हणण्याचा माझा अधिकार नाही. ज्या कलमाखाली खटला होता ते कलम या कामासाठी लिहिलेलेच नव्हते. पण ‘तिकीट इच्छेने घेतले’ हा मुद्दा मला स्वीकारता येत नाही. दूधवाल्याकडून दूधही आपण इच्छेनेच घेतो, म्हणून त्यात पाणी घालण्याची मुभा त्याला मिळत नाही. तिकीट काढणारा माणूस खरा सामना बघण्यासाठी पैसे देत असतो, आणि ‘हा सामना खरा आहे’ हे आश्वासन त्या तिकिटावर छापलेले नसले तरी त्याशिवाय ते तिकीट कुणीही घेतले नसते.

शिवाय प्रेक्षक फक्त तिकिटाचे पैसे देतो हेही खरे नाही. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला गेले ते सरकारी खजिन्याच्या बळावर गेले नाहीत. लोकांनी वर्गणी जमवली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्या गहाणावर उभे आहे. आजही पेठेतला माणूस आपल्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी रजा टाकून शाहू स्टेडियमवर बसतो, घसा बसेपर्यंत ओरडतो, हरल्यावर त्याला रात्री जेवण जात नाही. हे सारे कायद्याच्या भाषेत ‘मालमत्ता’ नसेल, पण खेळाचा धंदा याच्यावरच चालतो. प्रक्षेपणाचे हक्क हजारो कोटींना विकले जातात तेव्हा विकली जाते ती या माणसाची तन्मयता. ज्या वस्तूची किंमत बाजार इतकी मोजतो, ती चोरली गेली तर मात्र नुसती भावना दुखावली असे म्हणायचे, हे न्यायाला धरून नाही.

उलट पैज लावणाऱ्याला पकडायला कायदे भरपूर आहेत. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ११२ व्या कलमात विनापरवाना सट्टा आणि जुगार यांचा किरकोळ संघटित गुन्ह्यांत समावेश आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. आयपीएलचा हंगाम आला की छापे पडतात, मोबाइल आणि लॅपटॉप जप्त होतात, पंटर आणि किरकोळ बुकी यांचे फोटो छापून येतात. हे होऊ नये असे माझे म्हणणे नाही. मोबाइलवर सट्ट्याची ‘आयडी’ घेऊन कर्जात बुडालेली पोरे आणि त्यांच्यापायी दागिने मोडणाऱ्या आया आपल्या आसपास आहेत, आणि त्या घरांसाठी ही बंदी म्हणजे उशिरा आलेला का होईना, आधार आहे. पण या साऱ्यात सामना विकणारा माणूस कुठे आहे? पैज लावणे हा गुन्हा, पैज घेणे हा गुन्हा, आणि ज्या चेंडूवर पैज लागली तो चेंडू विकणे हा मंडळाच्या शिस्तीचा मामला, ही उतरंड मला उलटी वाटते.

सट्टा कायदेशीर करावा की नाही, या वादात मी फार रमणार नाही. क्रिकेट मंडळाच्या कारभारासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये आणि विधी आयोगाने २०१८ च्या २७६ व्या अहवालात नियंत्रित सट्ट्याची वाट सुचवली होती, आणि तिच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे: पैज उघड्यावर लागली तर संशयास्पद पैसा कुठल्या सामन्यावर कधी लागला याची नोंद राहते आणि तपासाला धागा मिळतो. तरीही मला ती वाट पटत नाही. एकदा सट्टा राजमान्य झाला की त्याची जाहिरात खेळाच्या अंगावर चढते, आणि ती कशी चढते हे आपण थोड्या प्रमाणात पाहिलेले आहे. मोबाइलवर खऱ्या खेळाडूंचा आपला संघ बनवून खेळायच्या फँटसी खेळांना न्यायालयांनी कौशल्याचे खेळ मानले, त्यानंतर २०२० मध्ये असा एक मंच आयपीएलचा मुख्य प्रायोजक झाला आणि २०२३ मध्ये भारतीय संघाच्या छातीवर त्याचे नाव आले. २०२५ च्या कायद्यानंतर ते उतरवावे लागले. कायद्याने तो सट्टा नव्हता हे मान्य. पण दहावीतल्या मुलाला हा बारीक भेद कोण समजावणार होते? मात्र लोढा समिती आणि विधी आयोग या दोघांनीही एकाच दमात दुसरी गोष्ट सांगितली होती, की सामना ठरवणे हा फौजदारी गुन्हा करा. सट्टा खुला ठेवायचा की बंद, यावर मतभेद असणाऱ्यांचेही या दुसऱ्या शिफारशीवर एकमत होऊ शकते, आणि नेमकी तीच अजून कागदावर आहे. क्रीडा मंत्रालयाने २०१३ मध्ये खेळातील गैरव्यवहारांविरुद्ध विधेयकाचा मसुदा केला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. श्रीलंकेने २०१९ मध्ये दहा वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद असलेला कायदा केला. दक्षिण आफ्रिकेने क्रोनिए प्रकरणानंतर २००४ च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात खेळाचे स्वतंत्र कलम घातले आणि २०१९ मध्ये त्याच कायद्याखाली एका माजी क्रिकेटपटूला पाच वर्षांची शिक्षा झाली. आपण २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, तो संघटनांच्या कारभारासाठी आवश्यकच होता, पण सामना विकण्याला त्यानेही फौजदारी गुन्हा ठरवले नाही.

कायदा आला म्हणजे विश्वास परत येईल असे मात्र नाही. प्रेक्षकाच्या वतीने नजर ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांचे हात मोकळे आहेत का, हाही प्रश्न आहे. २०१३ मध्ये सट्ट्याच्या आरोपात चेन्नईच्या संघाशी संबंधित ज्या व्यक्तीला अटक झाली ती मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांचा जावई होती, आणि तो संघ ज्या कंपनीच्या मालकीचा होता तिचे प्रमुख स्वतः अध्यक्षच होते. पैलवानाचा मामाच पंच आणि कमिटीचा अध्यक्षही तोच, असे मैदान आमच्याकडे कुणी भरू दिले नसते. २२ जानेवारी २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदाधिकाऱ्यांना संघाची मालकी घेऊ देणारा मंडळाचा नियम रद्द केला, मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे काम करते हे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान हे दोन्ही संघ दोन वर्षांसाठी निलंबित केले. मंडळाने आपणहून यातले काहीही केले नसते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्याच चौकशीत सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या मुद्गल समितीने न्यायालयाला नावांचा एक बंद लिफाफा दिला होता. त्यातल्या खेळाडूंची नावे लोकांपुढे आली नाहीत. सिद्ध न झालेले नाव उघड करून एखाद्याचे आयुष्य नासवू नये, ही न्यायालयाची काळजी योग्य होती आणि मी ती मानतो. परंतु लिफाफा बंद राहिला म्हणून संशय बंद राहिला नाही. तो त्या पिढीच्या प्रत्येक खेळाडूवर थोडा थोडा वाटला गेला. चौकशी पूर्ण करून, ज्यांच्याविरुद्ध काही निघाले नाही त्यांच्याबद्दल तसे कारणांसह जाहीर करणे, हा प्रामाणिक खेळाडूचाही हक्क होता. आज कुणीही झेल सोडला की टपरीवर ‘सेटिंग हाय’ असे म्हणून माणसे हसतात. त्या हसण्यात, ज्याने खरोखरच जीव तोडून झेप घेतली आणि ज्याच्या हातून चेंडू निसटला, त्याच्यावर अन्याय आहे. खरा पराभव खरा मानला जात नाही तेव्हा खऱ्या विजयाचेही मोल कमी होते.

हे संकट मोठ्या स्पर्धांपुरते राहणार नाही, ही माझी खरी भीती आहे. जुलै २०२२ मध्ये गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलिपूर गावात पोलिसांनी एक बनावट लीग उघडकीला आणली. शेतमजूर पोरांना सामन्याला ४०० रुपये देऊन रंगीत जर्सी घालून उभे केले होते, यूट्यूबवर प्रक्षेपण चालू होते, आणि रशियातले लोक त्यावर पैसे लावत होते. त्या सामन्याला प्रेक्षक नव्हता; प्रेक्षकांचा आवाज मात्र लावलेला होता. प्रेक्षकाला वगळूनही खेळाचा बाजार चालतो, हे त्या शेतात सिद्ध झाले. आता आमच्या जिल्ह्यातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धा, कुस्तीची मैदाने, पेठांचे फुटबॉल सामने हे सारे मोबाइलवर थेट दिसते. दूरच्या चाहत्यासाठी ही चांगली सोय आहे. पण जिथे चित्र थेट पोहोचते तिथे पैजही पोहोचू शकते, आणि ज्या खेळाडूला हंगामात जेमतेम खुराकाचा खर्च सुटतो त्याला विकत घेणे सर्वांत स्वस्त असते. दुखापत झालेल्या पैलवानाला उद्या कोण सांभाळणार, याचे उत्तर देता आले पाहिजे; ते नसताना त्याला प्रामाणिकपणाची व्याख्याने देणे मला निर्दयपणाचे वाटते.

स्थानिक आयोजकांनी दिल्लीतल्या कायद्याची वाट बघत बसण्याचे कारण नाही. मोठ्या इनामाच्या मैदानात आणि वर्गणीतून होणाऱ्या स्पर्धेत पंचांची नेमणूक कोणी केली, कुणाचा कोणत्या संघाशी संबंध आहे, मानधन ठरले ते वेळेवर पोहोचले का, हे लेखी आणि सर्वांना बघता येईल असे ठेवता येते. क्रिकेटमध्ये बुकीने संपर्क साधला तर तो कळवणे खेळाडूवर बंधनकारक आहे, आणि केवळ न कळवल्याबद्दल बांगलादेशच्या शाकिब अल हसनला २०१९ मध्ये बंदी सोसावी लागली. आमच्या पोराला असा फोन आला तर त्याने कुणाला सांगायचे? वस्तादाला, कमिटीला की पोलिसांना? आणि सांगितल्यावर त्याचेच नाव बदनाम होणार नाही याची हमी कोण देणार? हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक तालमीत याचे उत्तर एका जबाबदार माणसाच्या नावासह भिंतीवर लागलेले असावे.

आणि मंडळांकडून, लहान असोत की मोठी, मला त्या जत्रेतल्या कमिटीने केले तेवढेच हवे आहे. तिच्याकडे ना भ्रष्टाचारविरोधी पथक होते, ना वकील. तिने हलगी थांबवली, माइक हातात घेतला, दोघांची नावे घेतली, काय चुकले ते सांगितले, आणि आम्ही सारे ऐकत असताना इनाम परत पेटीत टाकले. मग पुढची जोड लागली, आणि वडील पुन्हा सावरून बसले.